अम्मीबरोबर मुरुडला

अब्बा एस.टी.त होते. नगरच्या डेपोत गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. एस.टी.च्या कर्मचाऱ्याला घरच्यांसाठी प्रवासाचा पास मिळतो, तसा तो आमच्याकडेही यायचा. त्या पासावर आम्ही कुठे कुठे गेलो याची यादी करायला बसलं तर ती बरीच लांब होईल, पण तिच्यात फक्त लग्नं, अकीके आणि मयती असतील. पास महाराष्ट्रभर चालायचा, पण नुसतं फिरायला म्हणून तो एकदाही वापरला गेला नाही. त्यामुळे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत अम्मीने समुद्र पाहिलेला नव्हता. मुंबईला ती दोनदा जाऊन आली होती, एकदा लग्नाला आणि एकदा मामूंच्या ऑपरेशनला. दोन्ही वेळा समुद्र तिच्यापासून मैल-दोन मैलांवर असणार, पण लग्नघरातून आणि दवाखान्यातून समुद्र दिसत नाही.

मागच्या वर्षी मार्चमध्ये अब्बांचा इंतकाल झाला. अम्मीची इद्दत जुलैत संपली. संपली म्हणजे कॅलेंडरवर संपली. अम्मी मात्र तशीच त्या मधल्या खोलीत बसून राहायची. नगरला झेंडीगेटकडच्या गल्लीत आमचं जुनं घर आहे. पुढे दोन खोल्या, मग मोकळं आंगण, आंगणात आड, आणि मागे पुन्हा दोन खोल्या. अब्बा गेल्यावर मागचा भाग कुलूपबंद झाला. भाईजान भिवंडीला, धाकटा दम्मामला आणि मी पुण्यात. भावांचं म्हणणं होतं की घर विकावं आणि अम्मीने आळीपाळीने तिघांकडे राहावं. म्हणण्यात वाईट काही नव्हतं. एकट्या बाईने चार खोल्यांत रात्र काढायची, तीही गुडघे दुखत असताना, याची काळजी मलाही होतीच. पण अम्मीला हे विचारायचं कोणी? भाईजान मला फोनवर म्हणाले, "तू तिला कुठेतरी घेऊन जा. मन मोकळं झालं की विषय काढ."

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा मी मुरुड ठरवलं.

गोवा का नाही, अलिबाग का नाही, असं घरातल्या पोरांनी विचारलं. गोव्याला अम्मीला कुठे बसवायचं हाच प्रश्न पडला असता, आणि सुट्टीतल्या अलिबागला बसायला जागा मिळाली असती की नाही याची शंकाच होती. मुरुड हे अजून गाव आहे. नगरपरिषद आहे, बाजार आहे, किनारा आहे, पण संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर आपल्या चपलांचा आवाज ऐकू येतो. शिवाय एक कारण मी शिक्षिका असल्यामुळे माझ्या डोक्यात होतं. जंजिरा हा एकेकाळी आमच्या नगरच्या निजामशाहीचा समुद्रावरचा नाका. म्हणजे अम्मी परक्या ठिकाणी जात नव्हती, आपल्याच जुन्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला जात होती. हे मी तिला गाडीत सांगितलं. ती "हौ" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मग म्हसळा आणि दिघी. दिघीला रस्ता संपतो आणि समोर राजपुरीची खाडी येते. इथून आगरदांड्याला जाणाऱ्या जेट्टीवर माणसांबरोबर गाड्याही चढतात. आमची गाडी उलटी घेऊन बोटीवर चढवायला हे खाली उतरले, तेव्हा अम्मीने उतरायला नकार दिला. गाडीत बसूनच ती खाडी ओलांडून गेली. काच खाली करून एकच वाक्य बोलली, "इत्ता पानी!" आणि थोड्या वेळाने, "और पीने का एक बूंद नहीं."

आमच्या नगरच्या माणसाला हे वाक्य सुचणारच. नगरला वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात. मुरुडला तीन हजारांच्या आसपास पडतो. आमचं आयुष्य नळाच्या वेळेवर चालतं. पाणी कोणत्या दिवशी येणार, किती वाजता, किती हंडे भरायचे, हे अम्मीच्या डोक्यात घड्याळासारखं बसलेलं आहे. त्यामुळे पुढचे तीन दिवस ती मुरुडमध्ये काय बघत होती, हे मला दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. आम्ही समुद्र बघत होतो. ती पिण्याचं पाणी शोधत होती.

किनाऱ्याच्या मागच्या आळीत एका कोकणी मुस्लिम कुटुंबाच्या वाडीत आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या. मुरुडची घरं अशीच आहेत. रस्त्याच्या बाजूला कौलारू घर, मागे नारळ-सुपारीची लांबट वाडी, आणि वाडीच्या शेवटी सुरूची झाडं आणि वाळू. घरमालकीण माझ्याच वयाच्या, सगळे त्यांना आपा म्हणत. वाडीत गोल विहीर होती. विहिरीवर पूर्वी रहाट होता, आता मोटर आहे, पण रहाटाचे दगडी खांब तसेच उभे होते. विहिरीपासून समुद्र दोनशे पावलं असेल. अम्मीने पहिल्याच संध्याकाळी ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि माझ्याकडे बघितलं. गोड.

माझ्या सहावीतल्या मुलीला नानीने विचारलं, समुद्राच्या शेजारी गोडं पाणी कसं? मुलीने माझ्याकडे बघितलं. हे समजायला सोपं आहे, पण आपण मुलांना सांगत नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्या पाण्याच्या वर तरंगून राहतं. विहीर त्या वरच्या थरात असते. जोपर्यंत बेताने उपसा आहे, तोपर्यंत गोडं. मोटर लावून दिवसभर खेचत राहिलं की खालचं खारं वर येतं आणि एकदा आलं की सहजासहजी परत जात नाही. आपा म्हणाल्या की शेजारच्या एका वाडीत, खोल्या बांधून झाल्यावर, असंच झालं. आता ते टँकर मागवतात.

किनाऱ्याबद्दल आधी एक गंभीर गोष्ट सांगते. 2016 च्या 1 फेब्रुवारीला पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतली मुलं-मुली याच किनाऱ्यावर बुडाली. आमच्या भागातली काही घरं त्या दिवसापासून तशीच्या तशी राहिलेली नाहीत. तेव्हापासून कोणी सहलीचा विषय काढला की स्टाफरूममध्ये मुरुडचं नाव आधी येतं. मी स्वतः तिथे उभी राहिले तेव्हा कळलं की हा किनारा फसवा का आहे. तो भयंकर दिसतच नाही. लांबच लांब, सपाट, करड्या वाळूचा, लाटा लहान. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की माणूस बोलता बोलता खूप आत चालत जातो. मग पाणी ओढतं. आपांनी पहिल्या दिवशी चहा देण्याच्या आधी आम्हाला भरती-ओहोटीच्या वेळा सांगितल्या. माझ्या मुलाने कपाळाला आठ्या घातल्या, पण मी त्याला गुडघ्याच्या पुढे जाऊ दिलं नाही. तुम्ही गेलात तर गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. लाजायचं काही कारण नाही, ते रोज सांगतात.

या किनाऱ्यावर पश्चिमेला तोंड करून बसलं की समोर समुद्रात पद्मदुर्ग दिसतो, शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह द्यायला बांधलेला. उत्तरेला टेकडीवर नवाबांचा राजवाडा आहे. तो खासगी आहे, आत जाता येत नाही, आणि मला वाटतं ते ठीकच आहे. प्रत्येक वास्तूत आपण चप्पल घालून शिरलंच पाहिजे असं नाही.

आम्ही हनफी, तिथले बहुतेक शाफई. असरची अजान आमच्या सवयीपेक्षा बरीच आधी झाली आणि अम्मी दचकली. तिला वाटलं घड्याळ बंद पडलं. आपांनी हसून समजावलं. तरी अम्मीने आपली असर आपल्या वेळेलाच पढली, आणि आपांनी तिच्यासाठी वाडीत चटई तोपर्यंत तशीच ठेवली. जेवणात मात्र मोठीच पंचाईत. तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण आणि सोबत कोळंबी. कोळंबी मासा आहे की नाही यावर आमच्याकडच्या मोठ्या माणसांत कधी एकमत झालेलं नाही. अम्मीने ताटातली कोळंबी अलगद बाजूला केली. दुसऱ्या दिवशी एक चाखली. तिसऱ्या दिवशी तिने आपांना विचारून घेतलं की कोकम कधी घालायचं. खेकड्याला मात्र तिने हात लावला नाही.

आता शब्दांबद्दल थोडं, कारण उर्दू आणि मराठी एकाच फळ्यावर शिकवणाऱ्या बाईला मुरुडमध्ये गप्प बसणं अवघड आहे. जंजिरा म्हणजे मुळात अरबी जजीरा, बेट. माझ्या वर्गातल्या मुलांना तो जंजीर, म्हणजे साखळी वाटतो, आणि ते किल्ल्याभोवती साखळ्या शोधतात. मराठीत हा शब्द इतका मुरला की पाण्यातल्या कोणत्याही किल्ल्याला जंजिरा म्हणू लागले. सिद्दी हा अरबी सय्यिदी, माझे मालक, यावरून आलेला. हे लोक हबश म्हणजे आफ्रिकेच्या बाजूचे, म्हणून या मुलखाला जुन्या कागदांत हबसाण म्हटलेलं सापडतं. कोळ्यांचा नाखवा हा फारसीतला नाखुदा. आणि उर्दूत ज्याला आम्ही दरिया म्हणतो ती बहुतेक वेळा नदी असते, पण कोळ्यांचा दर्या म्हणजे समुद्रच. मुलांना हे सांगितलं की त्यांना दोन्ही भाषा आपल्या वाटतात. निदान तासभर तरी वाटतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोकरीचे घुमट पाहिले. आगरदांडा-राजपुरीच्या बाजूला झाडीत सिद्दींच्या तीन कबरी आहेत. सर्वांत मोठी सिद्दी सुरुलखानाची, बाजूच्या दोन लहान सिद्दी कासिम आणि सिद्दी खैरियत यांच्या. दगड काळा, कमानी साध्या, वर शिलालेख. तिथे आमच्याशिवाय कोणीच नव्हतं, फक्त पारवे. अम्मीने फातिहा पढली, आणि मग बराच वेळ पायरीवर बसून राहिली. अब्बांच्या कबरीवर अजून नावाची पाटी लावलेली नाही, ते तिला आठवलं असावं. मी विचारलं नाही.

तो शुक्रवार होता. जुम्याच्या वेळेत किल्ल्याच्या होड्या बंद असतात, म्हणून आम्ही दुपारी राजपुरीला पोहोचलो. इथून शिडाच्या मोठ्या होड्या जातात. किनाऱ्याजवळ बांबूने रेटतात, पुढे शीड उघडतात. खरी अडचण चढण्या-उतरण्याची. किल्ल्याच्या दरवाज्यापाशी होडी लाटेवर वर-खाली होत असते, आणि ती वर आलेल्या क्षणी ओल्या पायरीवर पाऊल टाकायचं असतं. गुडघेदुखीच्या माणसाला हे जमेल का, याचा मी रात्रभर विचार केला होता. माझा बेत असा होता की हे आणि मुलं जातील, मी अम्मीबरोबर किनाऱ्यावर थांबेन, आणि तेव्हाच घराचा विषय काढेन. तसं मी भाईजानला कळवलंही होतं.

अम्मीने एका खलाशाला विचारलं, "अंदर क्या है?"

तो म्हणाला, "तोफा आहेत, वाडा आहे, तलाव आहे."

"तलाव? खारा?"

"गोडा. दोन आहेत."

अम्मी उठली. तिने चपला काढून पिशवीत टाकल्या, बुरख्याचा घेर एका हाताने धरला आणि होडीच्या फळीवर चढली. माझा बेत तिथेच संपला.

जाताना गंमत अशी की अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. नुसती काळ्या दगडाची भिंत पाण्यातून वर आलेली. मग होडी वळते आणि दोन बुरुजांच्या मधे दरवाजा उघडा होतो. दोन खलाशांनी अम्मीला दोन्ही दंडांना धरलं, एक म्हणाला "आता, आजी," आणि ती पायरीवर होती. दरवाज्याच्या भिंतीवर हत्तींना पंजात धरलेलं वाघासारखं एक जनावर कोरलं आहे. मुलांनी त्याच्यासमोर फोटो काढले.

शाळेच्या इतिहासात जंजिरा येतो तो वेढ्यांमधून. आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट, मग निजामशाही, मग सोळाव्या शतकातलं दगडी बांधकाम, मग शिवाजी महाराजांच्या मोहिमा, 1682 च्या सुमारास संभाजी महाराजांनी समुद्र भरून किल्ल्यापर्यंत वाट काढायचा केलेला प्रयत्न, आणि किल्ला अजिंक्य राहिला हे वाक्य. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झालं तेव्हा ही गोष्ट संपते. मी स्वतः हे असंच शिकवलं जाताना ऐकलं आहे. पण भिंतीच्या आत माणसं काय खात होती, काय पीत होती, हे पुस्तकात नसतं. खरं तर वेढा कोण जिंकणार हे तोफेइतकंच पाण्यावरही ठरतं. कलालबांगडी तोफेभोवती गर्दी होती. तलावाभोवती आम्ही पाच जण आणि एक बकरी. ती बकरी तिथे कशी आली, देव जाणे.

मोठा तलाव गोल आहे, भोवती दगडी बांध, उतरायला पायऱ्या. बाजूला सुरुलखानाच्या वाड्याचे मजले उघडे पडून उभे. चारी बाजूंना समुद्र आणि मधे हे पाणी. गाईड खाली झरे आहेत म्हणतात. झरे असतीलही, पण तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि खडकात चांगला बांधलेला खड्डा असेल तर चमत्काराची तितकीशी गरज लागत नाही. बांधणाऱ्यांनी पावसाचा एकेक थेंब कुठे वाहतो हे बघून ठेवलेलं होतं. मला आमचा फराहबाग आठवला. नगरजवळचा निजामशाही महाल, जो एकेकाळी तलावाच्या मधोमध उभा होता. तिथे पाण्यात महाल, इथे महालाच्या दारात पाणी. त्याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, तोही हबशीच. त्याने खडकीला, म्हणजे नंतरच्या औरंगाबादला, जमिनीखालून नहर आणली. कोरड्या मुलखात वाढलेल्या राज्याला पाण्याची किंमत कळते, असं मी मुलाला म्हटलं. तो तोपर्यंत बुरुजावर पळाला होता.

पाणी हिरवं होतं. वर शेवाळाचा थर, कडेला प्लास्टिकच्या दोन-तीन बाटल्या.

अम्मी पायरीवर बसली आणि गाईडला विचारू लागली. इथे लोक राहत होते का? राहत होते, तो म्हणाला. विसाव्या शतकातही किल्ल्यात वस्ती होती, मोहल्ले होते, मशीद होती. मग गेले कुठे? समोर, राजपुरीला, मुरुडला. का गेले? तो हसला. "शाळा तिकडे, डॉक्टर तिकडे, काम तिकडे. पावसाळ्यात होडी बंद. किती दिवस राहणार, आजी?" अम्मीने मान हलवली. तिला ते पटलं होतं. मग तिने तलावाकडे बोट दाखवून विचारलं, "तेव्हा पाणी असंच होतं?"

"छे. तेव्हा पीत होते की."

"हौ," अम्मी माझ्याकडे वळून म्हणाली. "उपसा नहीं तो पानी सडताच."

ही काही मोठी गोष्ट नव्हती. आड असलेल्या घरातल्या कोणत्याही बाईला हे माहीत असतं. रोज चार घागरी निघाल्या तर आडाचं पाणी स्वच्छ राहतं, महिनाभर दोर सोडला नाही तर वास येतो. तांडेलाने पाऊण तास दिला होता, तो संपत आला होता. परतीला अम्मी होडीत उतरताना खलाशांनी हात पुढे केले, तर तिने एकाचाच धरला.

त्या संध्याकाळी मगरिबनंतर आम्ही दोघीच वाळूवर बसलो होतो. हे आणि मुलं बाजारात गेली होती. दूर एकदऱ्याच्या बाजूला होड्यांचे दिवे लागले होते. मी विषय काढायचा की नाही या विचारात होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "तेरे भाईजान का फोन आया था क्या?"

मी हो म्हटलं.

"घर बेचने का नहीं," ती म्हणाली. थोडं थांबून, "बंद बी रखने का नहीं."

मग ती बोलत राहिली, मार्चनंतर पहिल्यांदाच इतकं. मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या. मुलींना द्यायच्या, शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या. नगरला खेड्यांतून मुली शिकायला येतात, त्यांना घरचं वातावरण हवं असतं. भाडं फार नको, पण रात्री घरात माणूस हवं. आडाचा गाळ काढून घ्यायचा. आणि पावसाळ्याचे दोन महिने, जेव्हा गुडघे जास्त दुखतात, तेव्हा ती माझ्याकडे येईल. भिवंडीला ईदला जाईल. हिशेब पक्का होता. कोणत्या खोलीला वेगळं दार पाडता येईल तेही तिने ठरवलं होतं. मी विचारलं, हे सगळं आज तलावावर सुचलं का? ती म्हणाली, तलावावर फक्त गाळाचं सुचलं, बाकीचं ती इद्दतीत बसल्या बसल्या ठरवत होती. मग बोलली का नाही? "किसी ने पूछा क्या?"

भाईजानला मी रात्री फोन केला. त्यांनी बरेच प्रश्न विचारले. भाडेकरू निघाले नाहीत तर? मुलींच्या आईवडिलांची जबाबदारी कोण घेणार? आड उघडा ठेवून पोरीबाळी घरात? प्रश्न चुकीचे नव्हते. मी फोन अम्मीकडे दिला आणि व्हरांड्यात जाऊन बसले. आतून तिचा आवाज येत होता, अब्बा असताना यायचा तसा, थोडा चढलेला. आडावर लोखंडी जाळी बसवायची, असं तिने त्यांना सांगितलेलं मी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी निघायच्या आधी आम्ही बाजारात सुकी मासळी घेतली. अम्मीने सुकटीचा भाव करताना आपांना सोबत नेलं, त्यामुळे निम्म्या भावात मिळाली असं तिला वाटतं. मला वाटतं भाव तोच होता, फक्त गप्पा जास्त झाल्या. गाडीत पुण्यापर्यंत वास येत होता आणि मुलं नाक दाबून बसली होती. आगरदांड्याला जेट्टीवर या वेळी अम्मी गाडीतून उतरली आणि कठड्याला धरून दिघीपर्यंत उभी राहिली.

डिसेंबरमध्ये गाळ काढणारे आले. दोन दिवस लागले. दोर, बादल्या, दोन माणसं आत आणि तीन वर. जवळजवळ पाच फूट गाळ निघाला. त्यात एक गंजलेली कप्पी, माझ्या लहानपणचा रबरी चेंडू, आणि तीन तांबे. त्यातला एक फुफूच्या लग्नात हरवला म्हणून तेव्हा मोठं भांडण झालं होतं. अम्मीने तो चिंच लावून घासला आणि फुफूला फोन लावला. मागच्या खोल्यांत जानेवारीपासून नर्सिंगच्या दोन मुली राहतात, एक श्रीगोंद्याची आणि एक पाथर्डीची. नळ येत नाही त्या दिवशी त्या आडाचं पाणी काढतात. पाथर्डीच्या मुलीला दोर सोडता येतो, श्रीगोंद्याची अजून शिकते आहे.